वारा पडल्यावर लावायची मोटार

...आणि वर मलाच म्हणतात, "लुईस, तुना मोटारीतला काय कलतंय?" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने त्या मोटारीपायी सहा महिने एक रविवार घरी पाय पसरून काढला नाही, देवळातली मिसा सुटली की घरी जेवायला जायचं सोडून बहिणीच्या ओट्यावर बसून इंग्रजी कॅटलॉगातली चित्रं समजावून सांगितली, ज्याच्या हाताला वल्हं मारून मारून फोड आले... कारकुनाच्या हाताला, लक्षात घ्या, भाईंदरच्या मिठागरावर वजनाच्या पावत्या लिहिणाऱ्या हाताला!... त्याला मोटारीतलं काही कळत नाही, आणि ज्यांनी ती मोटार पहिल्या दिवशी ओट्यावर उलटी उभी करून "हिचा तोंड कुठला?" म्हणून विचारलं, त्या आमच्या भावोजींना सगळं कळतं. असो. मेहुणा म्हणून जन्माला आलं की ऐकून घ्यावं लागतं.

भावोजी म्हणजे उत्तनचे बस्त्याव. माझ्या थोरल्या बहिणीचा, इनेझबायचा नवरा. वय साठीला टेकलेलं, रंग सुकटीचा, आवाज असा की किनाऱ्यावर कुजबुजले तर शेजारच्या पाली गावातल्या लोकांना ऐकू जावं. या माणसाला जमीन मानवत नाही हो! तुम्हाला सांगतो, दोन तास जमिनीवर ठेवा, कोणाशी तरी भांडतील. दोन दिवस ठेवा, ताप भरेल. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली की हा माणूस चार महिने नुसता दारातून समुद्राकडे बघत बसतो, आणि इनेझबाय त्यांच्यापुढे पेजेचं ताट ठेवून म्हणते, जेवा, समुद्र कुठे पळून जात नाही. होडीचं नाव 'रेजिना'. दोन पोरगे, पण एक मुंबईला सुतारकामाला आणि दुसरा आगबोटीवर. म्हणजे आता होडीवर कोण, तर भावोजी आणि दोन खलाशी. त्यातला एक भावोजींहून म्हातारा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर सदतीस सालच्या डिसेंबरात एक दिवस वारा पडला. नुसता पडला! शीड असं लोंबायला लागलं जसं दोरीवर वाळत घातलेलं धोतर. होडीत पापलेट काठोकाठ, किनारा डोळ्यांसमोर, आणि होडी जागची हलेना. आता आमच्याकडे मालाचं कसं असतं, बायका किनाऱ्यावर टोपल्या घेऊन उभ्या, मागे बैलगाड्या जुंपून तयार, आणि त्या गाड्या राई-मुर्ध्यावरून भाईंदर स्टेशनात वेळेवर पोचल्या तर मासळी ताजी मुंबईला, नाही पोचल्या तर मीठ लावा आणि सुकवा. तर हे तिघे म्हातारे वल्ही मारताहेत, मारताहेत, आणि तेवढ्यात शेजारून काय गेलं? एका साहेबाची हौसेची होडी. एवढीशी. मागे एक डबा लटकवलेला, तो फट् फट् फट् करतोय, साहेब पाइप ओढतोय, आणि जाता जाता त्याने भावोजींना टोपी काढून दाखवली!

बैलगाड्या निघून गेल्यावर दोन तासांनी रेजिना किनाऱ्याला लागली. पापलेटांना मीठ लागलं आणि भावोजींच्या पाठीला उसण. पंधरा दिवस पालथे पडून होते. इनेझबाय विटेने शेकत होती, आणि शेकता शेकता सोळाव्या दिवशी तिने हात थांबवला आणि बोलली. मी तिथेच होतो. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर आम्ही घाबरलो नसतो.

"औंदाच्या नारलीपुनवेला होडी पान्यात जायाची ती मोटार लावून जाईल, न्हायतर गॅब्रियलला इकून टाकाची. तुमची पाठ आता मी शेकाची न्हाय."

गॅब्रियल म्हणजे भावोजींचा लहानपणापासूनचा शेजारी. त्याचा रेजिनावर डोळा वीस वर्षांचा. भावोजींचं तोंड भिंतीकडे होतं. पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले, आणि तुम्हाला खरं सांगतो, मला त्या माणसाची दया आली. होडी गेली तर हा दाराशी बसून मरेल, हे इनेझबायला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि गॅब्रियललाही माहीत होतं. दया आली म्हणून मी बोलून गेलो, "भावोजी, मी पत्र लिहितो मुंबईला, कॅटलॉग मागवतो." तिथे माझी जीभ झडली असती तर आज मी सुखात असतो.

कॅटलॉग आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, अकरा तऱ्हेच्या मोटारी. मी म्हटलं, दोन रविवारांत आटपेल. कसलं आटपतंय! पहिल्याच पानावर चित्र काय, तर एक मडम टोपी घालून तळ्यात होडी चालवतेय. भावोजींनी ते चित्र हातभर लांब धरलं, जवळ धरलं, उलटं धरलं, आणि म्हणाले, इथे लाट कुठाय? म्हटलं, भावोजी, तळं आहे ते. म्हणाले, हे पाणी नाही, हे ताट आहे, ताटात तर चमचा पण चालतो, लाटेतली मोटार दाखव. सगळा कॅटलॉग पालथा घातला, एका चित्रात लाट नाही! शेवटी एका पानावर दूर बगळा उडताना दिसला, त्याच्या पंखावरून भावोजींनी ठरवलं की इथे थोडा तरी वारा आहे, आणि त्या पानावरची मोटार विचारात घ्यायला हरकत नाही. पण लगेच मान हलवली. "आन् वारा पडला तं?" अहो, वारा पडला तरच लावायची आहे ना ती! पण नाही. हे वाक्य त्या माणसाच्या तोंडात बसलं ते बसलंच. काहीही बोला. भावोजी, जेवायला चला. वारा पडला तं?

बरं, ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती तर एक वेळ परवडलं असतं. पण उत्तनात घरातल्या घरात काय राहतं? संध्याकाळी आमच्याकडे किनाऱ्यावरच्या क्रुसापाशी सगळे जमतात, तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, झाली की बिड्या पेटतात, आणि बिड्या पेटल्या की दुसऱ्याच्या घरातलं काय ते ठरतं. तिथे तो कॅटलॉग फिरायला लागला. ज्यांनी जन्मात इंग्रजी अक्षर बघितलं नाही ते पानं चाटून चाटून उलटवताहेत! एकाने विचारलं आवाजाने मासे पळणार नाहीत का? दुसरा म्हणाला पळू देत, पण आपल्या जाळ्याकडे पळतील अशी मोटार मागव. आणि बाळाराम, हा पालीचा, भावोजींचा जिवाभावाचा दोस्त, त्याचं आपलं एकच, की घेतोस तर सगळ्यात मोठी घे, बायको आणि मोटार लहान बघून घेऊ नये. तेव्हा त्याची बायको कृष्णाबाई मागे टोपली घेऊन उभी होती हे त्याला माहीत नव्हतं. पुढचे चार दिवस बाळाराम क्रुसापाशी दिसला नाही.

आणि गॅब्रियल? गॅब्रियल सगळं ऐकून घ्यायचा, बिडी विझवायचा, आणि अगदी सख्ख्या भावासारखा म्हणायचा की लहान घे बस्त्याव. शीड आहे, तुझं सुकाणू आहे, मोटार काय, नुसती मदतीला. कधीमधी लागायची. तुझी एकट्याची होडी, तिला मोठी मोटार म्हणजे शेळीला हौदा. आता हे बोलणं काही खोटं होतं का? नव्हतं. घरोघर विचारलं, सगळ्यांनी बोटं मोजून हिशेब केला, रेजिना केवढी, माल किती, माणसं तीन... लहान बस्स झाली. साऱ्या गावाने हिशेब केला हो! आणि साऱ्या गावाचा हिशेब चुकला. कुठे चुकला ते सांगतो, जरा दम धरा.

मग मोटार बघायला जायचं ठरलं. मी म्हटलं भाईंदरहून गाडीने जाऊ, तासाभरात मुंबई. भावोजी म्हणाले, गाडीने? आणि दुकानदाराने होडी कशी आहे विचारलं तर काय, हात पसरून दाखवू? मुलगी घरी ठेवून कोणी नवरा बघायला जातं का? होडीच घेऊन जायची. झालं! मी, भावोजी आणि दोन खलाशी, मिठागरावर खोटं सांगून रजा काढलेली, इनेझबायने बरोबर भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिलेली, छान वारा, शीड भरलेलं, भावोजी सुकाणावर गाणं म्हणताहेत... आणि मढच्या पुढे वारा पडला.

मी भावोजींकडे बघितलं. भावोजींनी आकाशाकडे बघितलं. मग त्यांनी एक वल्हं माझ्या मांडीवर ठेवलं. मोटार घ्यायला निघालेली माणसं वल्ही मारत मुंबईला गेली, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी केलंय ते. दुकान बंद व्हायच्या वेळेला पोचणार होतो ते दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला पोचलो. माझ्या तळव्यांवर असे फोड, की पुढे आठ दिवस पावतीवरचे माझे आकडे बघून साहेबाने विचारलं, हे कोणी लिहिलं, कोंबडीने?

दुकानदार म्हणजे दोराबशेठ, पारशी बावा, मोठा सज्जन माणूस. त्याला पहिला प्रश्न भावोजींनी काय विचारावा? "शेठ, ही किती वल्ह्यांची?" तो म्हणाला, बावा, वल्हानी खबर नाय, घोडा बोल, ही दीड घोडा, ही अडीच, ही पाच. भावोजी म्हणाले, घोड्याला समुद्रात काय कळतं? माणसं सांगा. आता तो बिचारा कागद घेऊन बसला, एक घोडा म्हणजे माणसं किती, आणि माणूस कसला, तर भावोजींनी लगेच पोटभेद केले, तरणा माणूस, म्हातारा माणूस, आणि हा आमचा मेहुणा. मला दोन्हींच्या खाली धरला, बरं का! शेठने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मग मोटारीच्या पायाचा विषय निघाला. म्हणजे त्या मोटारीला खाली लांब दांडा असतो ना, टोकाला पंखा, तो पाण्यात बुडायला हवा. काहींचा पाय आखूड, काहींचा लांब. शेठने अगदी साधं विचारलं, तमारी होडीची मागची बाजू पाण्यापासून किती उंच? अहो, साधा प्रश्न, हात दाखवायचा आणि मोकळं व्हायचं! भावोजी म्हणाले, कधी? रिकामी असताना की भरल्यावर? आणि भरल्यावर म्हणजे पापलेटांनी की बोंबलांनी? बोंबील असले तर पाणी सुटतं, होडी आणखी खाली बसते. आणि लाटेवर चढताना विचारताय की उतरताना? शेठ म्हणाला, बावा, अंदाजे बोल. भावोजी म्हणाले, समुद्र अंदाजे नसतो. पण तुम्हाला सांगतो, इथे मात्र मी त्या माणसापुढे हात टेकले, कारण लाट उतरताना मागची बाजू वर उचलते, आणि आखूड पायाची मोटार तेव्हा हवेत पंखा फिरवत बसली असती. शेठलाही पटलं. तो लांब पायाच्या दोन मोटारी पुढे घेऊन आला आणि भावोजींना खुर्ची दिली. मला नाही दिली.

शेवटचा घोळ खाण्याचा. पेट्रोल खाणारी की घासलेट? पेट्रोल कुठे मिळणार, तर काशीगावाकडे हमरस्त्यावर. आणणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खलाशांनीसुद्धा! मी म्हटलं घासलेटवाली घ्या, माझे पाय तुमच्या मोटारीसारखे लांब नाहीत. तर घासलेटवाली ठरली, सुरू करताना चमचाभर पेट्रोल, मग घासलेट. लांब पायाची, अडीच घोड्यांची, हिरव्या रंगाची. त्याच्या वरची पाच घोड्यांची शेजारीच उभी होती. भावोजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले, आपल्याला एकट्याला काय करायची एवढी? तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी तिथे "घ्या हो मोठी" एवढं म्हणालो असतो... पण मला घरी जायचं होतं.

मोटार आली, सुताराने रेजिनाच्या मागे सुकाणूच्या बाजूला जाड फळी ठोकून जागा केली. पाद्रीबाबांनी होड्यांना आशीर्वाद देताना तिच्यावरही पाणी शिंपडलं. बायकांनी तिचं नाव ठेवलं 'घरजावई'. का, तर मागे बसतो, खातो, आणि कामाचं काही दिसत नाही! नारळीपुनवेला बाळारामने नारळ सोडला, होड्या पाण्यात गेल्या, रेजिनाही गेली. इनेझबायने किनाऱ्यावरून बघितलं आणि घरात गेली. म्हणजे वाचले, भावोजी वाचले.

आणि मग काय झालं? वारा पडेचना! सप्टेंबर गेला, वारा. ऑक्टोबर गेला, वारा. नोव्हेंबरात तर असला सुंदर वारा, की म्हातारी माणसं म्हणाली तीस वर्षांत असा हंगाम नाही. गावात आनंदीआनंद आणि भावोजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन चिमूटभर वाळू हवेत सोडायचे, वाळू तिरकी गेली की शिवी हासडायचे. कोळी माणूस वाऱ्याला शिव्या देतोय, का, तर तो सुटलाय म्हणून! क्रुसापाशी लोक विचारायचे, काय बस्त्याव, जावई काय म्हणतो? मोटारीवर गोणपाट, गोणपाटावर इनेझबायची मांजर. भावोजी गोणपाट उचलून मोटारीला खोबरेल तेल लावायचे आणि तिला समजावल्यासारखं म्हणायचे, थांब, पडेल, पडेल.

नाताळच्या दोन दिवस आधी पडला.

मी होडीत होतो. का होतो विचारू नका, मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचायला माणूस हवा म्हणून सुटीत मला धरून नेलं होतं. भर समुद्रात, परतीच्या वाटेवर, होडीत रावस आणि पापलेट. सणाची मासळी हो, मुंबईत त्या दिवशी मागतील तेवढी खपते. आणि एकदम शीड ढिलं पडलं. समुद्र असा झाला की त्या कॅटलॉगातलं ताट! आजूबाजूला आपल्या किनाऱ्यावरच्या सात होड्या, सगळ्या जागच्या जागी. भावोजींनी छातीवर क्रूस केला, गोणपाट काढलं, दोरी गुंडाळली, ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. सात होड्यांतून बघताहेत. मी पुस्तकात बघून म्हटलं, भावोजी, ती बारीक चावी उघडायची राहिली. "मना म्हायत हाय," म्हणाले आणि उघडली. तिसऱ्यांदा ओढली, आणि फट्... फट्... फट् फट् फट् फट्!

काय सांगू तुम्हाला, तो चेहरा! साठ वर्षांचा माणूस, डोळ्यांतून पाणी, हसतोय आणि रडतोय, आणि रेजिना आपली निघाली. पाण्यावर मागे रेघ उमटली. म्हातारा खलाशी वल्हं मांडीवर घेऊन लहान पोरासारखा बसला. मी, मी सुद्धा ओरडलो! वर्षभराचे फोड विसरलो. पुढे गॅब्रियलची होडी उभी. भावोजी छाती काढून तिच्या शेजारून निघाले, आणि टोपी काढून दाखवायला हात डोक्याकडे नेला...

गॅब्रियलने फक्त एका दोराचं टोक वर धरलं.

आता इथे आमच्या समुद्राचा कायदा आला. कुठे लिहिलेला नाही, पण पाद्रीबाबांच्या दहा आज्ञांनंतर अकरावी म्हणून समजा. पाण्यात कोणी दोर मागितला तर नाही म्हणायचं नाही. वैरी असो, सावकार असो. आज त्याला नाही म्हटलं तर उद्या तुला कोण देईल? भावोजींचा डोक्याकडे गेलेला हात तसाच खाली आला आणि त्यांनी दोर झेलला. बांधला. रेजिनाची चाल निम्मी. मग बाळाराम. त्याने तर दोर मागितलाही नाही, सरळ गॅब्रियलच्या होडीला मागून बांधला आणि मोठ्याने म्हणाला, सांगत व्हतो मोठी घे! मग तिसरा, चौथा... जे वल्ही मारत बऱ्यापैकी पुढे निघाले होते ना, त्यांनीसुद्धा वल्ही आत घेतली! सात होड्यांची माळ, पुढे अडीच घोडे. भावोजी सुकाणावर बसून समोर बघत होते, मागे वळून बघत नव्हते, आणि मागून सातही होड्यांतली माणसं नाताळची गाणी म्हणत होती. भरती होती म्हणून हललो तरी. शेजारून एक कासव पोहत आमच्या पुढे गेलं.

किनाऱ्यावर बैलगाड्या थांबलेल्या! कारण एकही होडी आली नव्हती, मग जाणार काय घेऊन? सारं गाव किनाऱ्यावर, माळ बघून बायकांनी हाळी दिली, पोरं पाण्यात धावली. मी म्हटलं जिंकलो, भावोजी, जिंकलो! पण माळ सोडायची कशी, तर शेपटीकडून. शेवटची होडी आधी सुटली, ती आधी किनाऱ्याला लागली, तिच्या टोपल्या आधी गाडीवर. मग सहावी. मग पाचवी. भावोजी मोटार चालू ठेवून पाण्यात उभे, एकेकाला सोडताहेत, सावकाश, सांभाळून. सगळ्यात शेवटी रेजिना लागली तेव्हा शेवटची बैलगाडी भरून वळणावर गेली होती.

भावोजींच्या रावसाला नाताळात मीठ लागलं.

इनेझबायने काय केलं असेल? मिठाचं मडकं पुढे सरकवलं. पण तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी सात घरांतून सात ताटं आली, नाताळचा फराळ, नेवऱ्या, कलकल, कृष्णाबाईच्या घरून नारळाच्या वड्या, आणि भावोजी ओट्यावर असे बसले होते की जणू गावाचे पाटील. म्हणाले, लुईस, बघ, गाव माझ्यावाचून चालत नाही. त्यांना वाटलं हे कौतुक आहे.

कौतुक कसलं? नेमणूक होती ती! जानेवारीपासून वारा पडायला लागला, तो असा की मागचा सगळा अनुशेष भरून काढतोय. आठवड्यातून तीनदा. आणि गावाने काय केलं? वल्ही घरी ठेवली! बायकांनी त्यांच्यावर बोंबील वाळत घातले. पहाटे दारात माणूस हजर, बस्त्याव, येतोस ना? जरा सर्दी झाली तर काढा घेऊन हजर. इनेझबायने तोंड उघडलं की चार बायका तिच्यापुढे, अगं, दोन दिवस कळ काढू दे त्यांना. आणि ती मोटारीची दोरी! ती ओढायची ती कुठून? पाठीतून. बरोबर त्याच जागेतून, जिथे ती उसण भरली होती. विटा पुन्हा चुलीत. दर वेळचे दहा-बारा हिसके, सात होड्यांचं ओझं, आणि माल सगळ्यांच्या शेवटी.

शेवटी फेब्रुवारीत, तुम्हाला खोटं वाटेल, हा जमिनीवर ताप येणारा माणूस स्वतःहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, लुईस, चल गॅब्रियलकडे, मी रेजिना विकतो. मोटारीसकट. मी उठलोच. ज्या होडीसाठी हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, ती होडी तो आपल्या तोंडाने विकायला निघाला. इनेझबायही आमच्या मागे आली. आणि विकत घेणारा वीस वर्षं टपून बसलेला, म्हणजे आज सगळं संपणार.

गॅब्रियल जाळं विणत बसला होता. भावोजींनी एका दमात सांगितलं. त्याने सुतळी दातात धरली, गाठ मारली, आणि वर बघून शांतपणे म्हणाला, "मी घ्याचा न्हाय."

भावोजी म्हणाले, वीस वर्षं मागत होतास ना?

"तवा मोटार नव्हती. आता जो रेजिना घेईल त्याला समद्यांना वढून आनायाला लागंल. मी मागं बरा हाय."

तिथून बाळारामकडे गेलो. नाही. तिथून चौथ्या होडीवाल्याकडे, पाचव्याकडे. सगळ्यांनी चहा दिला, पाठीची चौकशी केली, आणि नाही म्हणाले. मी भावोजींना म्हटलं मोटार काढून फेकून द्या, तर सातही घरांतले म्हातारे तक्रार घेऊन पाद्रीबाबांकडे गेले. पाद्रीबाबा म्हणाले, बस्त्याव, बाबा, वारा येईपर्यंत तरी थांब.

आता दर रविवारी मिसा सुटली की आमचे भावोजी पाठीला हात लावत माउलीच्या आल्तारापुढे जातात आणि एक मेणबत्ती लावतात. कशासाठी? तर वारा सुटावा म्हणून. साऱ्या उत्तनात मोटार एकाच माणसाकडे, आणि वाऱ्यासाठी मेणबत्ती लावणाराही तोच! आणि त्यात परवा लावायला गेले तर आधीच तिथे सात मेणबत्त्या जळत होत्या. भावोजींना भरून आलं, म्हणाले, बघ लुईस, गावाला माझी दया आली. मी चौकशी केली. ती सात घरं बस्त्यावची पाठ बरी व्हावी म्हणून लावतात.